आत्याच्या शिवलेल्या वह्या, एमिली डिकिन्सन आणि घरातला वाद

मनवा_नारायणपेठ

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

माझी आत्या गेल्या मार्गशीर्षात गेली, ७९ वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं, नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत राहायची आणि ब्लाउज शिवून द्यायची. आता वाडा रिडेव्हलपमेंटला चाललाय म्हणून गणपती झाल्यावर खोल्या रिकाम्या करायला घेतल्या, तर तिच्या शिलाई मशीनच्या खणात जुन्या सुती पातळात गुंडाळलेल्या ११ वह्या निघाल्या. विकतच्या नाहीत. आम्ही लहान असताना वर्ष संपलं की आमच्या शाळेच्या वह्यांमधली उरलेली कोरी पानं ती मागून घ्यायची, आम्हाला वाटायचं गिऱ्हाइकांची मापं लिहायला लागत असतील. तर त्या पानांच्या तिने दोऱ्याने शिवून वह्या केल्यात आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कविता आहेत. शिवाय लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर, लाइट बिलाच्या मागे असे सुटे तुकडे वेगळेच. घरात कुणालाच, अक्षरशः कुणालाच माहीत नव्हतं.

आता अडचण अशी आहे की नात्यातले एक काका आहेत, त्यांचे स्वतःचे कवितासंग्रह आलेत, ते म्हणतात वह्या माझ्याकडे द्या, मी वृत्त नीट करतो, शीर्षकं देतो आणि वर्षश्राद्धाला छान छोटं पुस्तक काढू. भाऊ म्हणतो दोरे कापून पानं सुटी करू म्हणजे स्कॅनरमधून पाच मिनिटांत होईल. दोघांच्याही मनात आत्याबद्दल प्रेमच आहे, तरी मला कसंतरी होतंय आणि का ते सांगता येत नाहीये.

त्यात घरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की आपली आत्या म्हणजे आपली एमिली डिकिन्सन. जुनी अमेरिकन कवयित्री, एवढंच मला माहीत होतं. नेटवर बघितलं तर जिकडेतिकडे तेच, पांढरे कपडे घालायची, खोलीबाहेर यायची नाही, प्रेमभंग झाला होता, डोक्यावर परिणाम झाला होता. आत्यालाही वाड्यात लोक विक्षिप्तच म्हणायचे म्हणून मला ते वाचून फार लागलं. खरंच तशी होती का ती बाई? आणि तिच्या कविता लोकांपर्यंत कशा पोचल्या, कुणी बदलल्या होत्या का?

अजून एक, आत्याच्या एका कवितेत "दिवा मालवला तरी भिंतीला उजेड राहतो" अशी ओळ आहे आणि "उजेड"च्या खाली बारीक अक्षरात "ओल" लिहिलंय. दोन्हींपैकी काहीच खोडलेलं नाही. मग खरा शब्द कुठला धरायचा?

---

हौदाजवळचे_सर

मनवा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी पुण्यात कॉलेजात ३० वर्षं इंग्रजी शिकवलं आणि दर वर्षी पहिल्याच तासाला हा "वेडी बाई" प्रकार मुलांच्या डोक्यातून काढायला लागायचा, तेव्हा आधी तेच सांगतो.

एमिली डिकिन्सन १० डिसेंबर १८३० ला मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट गावात जन्मली, आजोबांनी बांधलेल्या विटांच्या घरात, आणि १५ मे १८८६ ला त्याच घरात गेली. मधली काही वर्षं कुटुंब दुसऱ्या घरी होतं, नंतर वडिलांनी हे परत घेतलं. वडील एडवर्ड वकील, ॲमहर्स्ट कॉलेजचे खजिनदार, एक टर्म अमेरिकन काँग्रेसमध्येही होते. पोरगी चांगली शिकलेली, लॅटिन, वनस्पतीशास्त्र, भूगर्भशास्त्र सगळं शाळेत झालेलं, मग १८४७-४८ मध्ये माउंट होलिओक या मुलींच्या शिक्षणसंस्थेत वर्षभर. तिथे मुलींना ख्रिस्तावर श्रद्धा उघड कबूल करायचा आग्रह असायचा आणि ही शेवटपर्यंत कबूल झाली नाही. सतरा वर्षांची मुलगी अशी ठाम राहते याला मी तरी धैर्य म्हणतो. लहानपणी तिने फुलं-पानं दाबून एक संग्रह केला, त्यात ४२४ नमुने आहेत आणि बहुतेकांखाली लॅटिन नावं लिहिलीत, तो आज हार्वर्डला जपून ठेवलाय.

आता "खोलीबाहेर यायची नाही" हे कुठून आलं. साधारण तिशीनंतर ती हळूहळू लोकांना भेटणं कमी करत गेली हे खरं. पण घरात ती काय करत होती ते बघ ना. घरातला ब्रेड तिच्याच हातचा असायचा, १८५६ च्या गावच्या प्रदर्शनात तिच्या ब्रेडला दुसरं बक्षीस मिळालं होतं. शेजारच्या पोरांना खिडकीतून टोपलीला दोरी बांधून खाऊ सोडायची. बाग तिची. १८६४ आणि १८६५ मध्ये डोळ्यांच्या उपचारासाठी महिनोन्महिने बोस्टनजवळ जाऊन राहिली. १८७४ ला वडील गेले, पुढच्याच वर्षी आईला पक्षाघात झाला आणि ती १८८२ पर्यंत अंथरुणाला खिळून होती, तिची सेवा या दोघी बहिणींनी केली, एमिली आणि लव्हिनिया, दोघीही अविवाहित. ज्याने घरात असं माणूस सांभाळलंय त्याला विचार, त्या वर्षांत तो किती वेळा घराबाहेर पडला. आणि पत्रं, आज हाती आहेत तीच हजाराच्या वर आहेत, शंभरेक लोकांना लिहिलेली. माणसं तोडलेली बाई एवढी पत्रं लिहीत नाही.

पांढरा ड्रेस म्हणशील तर तिचा एक राहिलाय, साधा सुती, घरात वापरायचा, आणि त्याला खिसा आहे. आत्या शिवणकाम करायची म्हणतेस म्हणून सांगतो, तिच्या लगेच लक्षात आलं असतं की हा ड्रेस कामाचा आहे, खिशात कागद-पेन्सिल राहते आणि पांढरं सुती कापड खळखळून धुता येतं.

कविता साधारण १८०० आहेत. हयातीत छापल्या गेल्या सुमारे दहा, त्याही नावाशिवाय. सगळ्यात जास्त लिहिलं ते १८६१ ते १८६५, म्हणजे बरोब्बर अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, जेव्हा तिच्या गावातली ओळखीची मुलं मरत होती. कॉलेजच्या अध्यक्षांचा मुलगा मार्च १८६२ मध्ये लढाईत गेला, त्याने सगळं गाव हादरलं होतं. पुढच्याच महिन्यात तिने टॉमस हिगिन्सन नावाच्या लेखकाला चार कविता पाठवल्या आणि विचारलं, माझी कविता जिवंत आहे का हे सांगायला तुम्हाला सवड आहे का. पत्राखाली सही नाही, नाव एका कार्डावर पेन्सिलीने लिहून वेगळ्या छोट्या पाकिटात घातलेलं. मी हे वर्गात सांगताना दर वेळी थांबायचो. "चांगली आहे का" असं नाही विचारलं तिने, "जिवंत आहे का" असं विचारलं.

---

ऋता_बी

सरांना +१. मनवा, आपल्याकडे बहिणाबाईंचंही आठवतं ना, १९५१ ला त्या गेल्या, मग सोपानदेवांनी घरात लिहून ठेवलेली ती गाणी अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. फरक एवढाच की बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्या जात्यावर, शेतात म्हणायच्या आणि दुसऱ्यांनी उतरवून घेतलं. पण विचार कर, कुणी त्यांची लेवा गणबोली "शुद्ध" करून छापली असती तर? काय राहिलं असतं त्यात? काकांना एवढंच विचार.

---

कागद_आणि_शाई

मनवाताई, आधी हात जोडून सांगते, दोरे कापू नका. बाकीचं वाचायच्या आधी भावाला फोन करा.

मी जुन्या कागदांच्या जतनाचं काम करते म्हणून हे एवढ्या जोरात सांगतेय. आणि तुम्ही डिकिन्सनचं नाव काढलंत म्हणून अंगावर काटा आला, कारण तिच्या बाबतीत नेमकं हेच झालंय.

तीसुद्धा वह्या शिवायची. पत्राचे दुमडलेले कागद घ्यायचे, त्यावर कविता स्वच्छ अक्षरात उतरवायच्या, चार-सहा कागद एकावर एक रचायचे, कडेला दोन भोकं पाडायची आणि दोरा ओवून बांधायचं. साधारण १८५८ ते १८६४ मध्ये अशा ४० वह्या केल्या आणि त्यात ८०० च्या वर कविता आहेत. वहीला नाव नाही, नंबर नाही, पानांना आकडे नाहीत. ती गेल्यावर बहीण लव्हिनियाला त्या खोलीत सापडल्या. एमिलीने सांगून ठेवलं होतं म्हणून लव्हिनियाने तिला आलेली बहुतेक पत्रं जाळून टाकली होती, पण कवितांबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं, आणि एवढं लिहिलंय हे तिलाही माहीत नव्हतं.

पुढे छापायच्या कामात त्या वह्या उसवल्या गेल्या. कुणी वाईट हेतूने नाही केलं, सोय म्हणून केलं, तुमचा भाऊ म्हणतोय तसंच. पण नंतर कुठलं पान कुठल्या वहीतलं, कुठल्या कवितेनंतर कुठली, सगळा घोळ झाला. राल्फ फ्रँकलिन नावाच्या अभ्यासकाने पुढे वर्षानुवर्षं बसून ते परत जुळवलं. कशावरून, तर सुईची भोकं एकमेकांवर बसतात का, डाग एका पानावरून दुसऱ्यावर उमटलाय का, कागद कुठल्या जातीचा आहे, त्या काळात तिचं अक्षर कसं होतं. १९८१ मध्ये त्या वह्यांची छायाचित्रं मूळ क्रमाने दोन खंडांत आली. म्हणजे ती गेल्यावर ९५ वर्षांनी लोकांना कळलं की तिने स्वतः कुठली कविता कुठलीच्या शेजारी ठेवली होती. तुमच्या आत्याने तो क्रम दोऱ्याने बांधून तुमच्या हातात दिलाय, तो पाच मिनिटांच्या स्कॅनिंगसाठी घालवू नका.

करायचं काय ते सांगते. वही उशीवर किंवा दोन घड्या घातलेल्या टॉवेलवर अर्धी उघडी ठेवायची, पूर्ण सपाट दाबायची नाही, आणि मोबाइलने वरून फोटो काढायचे, खिडकीच्या उजेडात पण थेट ऊन नको. कोरी पानंसुद्धा, मुखपृष्ठ, मागची बाजू, शिवणीचा भाग सगळं. नंबर फोटोंना द्या, पानांवर काही लिहू नका. झेरॉक्सच्या दुकानात नेऊ नका, काच बंद करताना पाठ दाबतात आणि दोरा तुटतो. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर अजिबातच नाही, डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटून ठेवायच्या नाहीत. सुट्या तुकड्यांना गंजलेल्या टाचण्या असतील तर ओढू नका, आधी कुणाला तरी दाखवा. लग्नपत्रिकांची पाकिटं जशी आहेत तशी ठेवा, डिकिन्सनही शेवटच्या वर्षांत पाकिटं उलगडून त्यावर लिहायची आणि आज त्या तुकड्यांवर वेगळा अभ्यास होतो, कागदाचा आकार बघून ओळ कुठे मोडली हे कळतं त्यातून.

आणि ठेवायचं म्हणाल तर आत्याने ज्यात ठेवल्या तेच, धुतलेलं सुती पातळ. आपल्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालातच बांधून ठेवायची पद्धत होती, सुती कापडात हवा खेळते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि कसर लागते.

---

मनवा_नारायणपेठ

भावाला फोन केला. तो कात्री घेऊन बसला नव्हता पण उद्या बसणार होता. थांबलाय.

काकांचं मात्र कळत नाहीये. ते म्हणतात छंद तुटतोय, यमक नीट जुळत नाही, लोक हसतील तिला. सर, डिकिन्सनच्या कविता छापल्या तेव्हा नक्की काय काय बदललं होतं?

---

हौदाजवळचे_सर

बदललं, आणि कसं बदललं ते कळलं तर काकांशी बोलायला बरं पडेल.

लव्हिनियाने कविता आधी शेजारच्या घरात वहिनीकडे दिल्या, सुझनकडे. सुझन एमिलीची तरुणपणापासूनची जिवाभावाची मैत्रीण, तिच्याइतकी पत्रं आणि कविता एमिलीने कुणालाच पाठवल्या नाहीत. पण दोन वर्षं काही पुढे सरकेना म्हणून लव्हिनियाने त्या मेबल लूमिस टॉड या बाईंकडे दिल्या. आता या टॉडबाई आणि सुझनचा नवरा, म्हणजे एमिलीचा भाऊ ऑस्टिन, यांचे संबंध होते आणि ते गावात सगळ्यांना माहीत होतं, तेव्हा हे काम किती नाजूक हातांत गेलं ते बघ. काही कागदांवर सुझनचा उल्लेख खोडलेला, खरवडलेला आहे.

तरी टॉडबाईंचं ऋण मी मानतो. त्यांनी ते अवघड अक्षर लावून शेकडो कविता टाइप केल्या, हिगिन्सनला तयार केलं आणि १८९० मध्ये बोस्टनला पहिला संग्रह निघाला. लोकांनी उचलून धरला, लगोलग आवृत्त्या निघाल्या. पण छापताना शीर्षकं घातली, जी एमिली जवळजवळ कधीच देत नसे. तिचे ते आडवे डॅश काढून स्वल्पविराम-पूर्णविराम घातले. यमक गुळगुळीत केलं. तिची मृत्यू गाडी घेऊन न्यायला येतो ती प्रसिद्ध कविता आहे ना, त्यातलं एक आख्खं कडवं गाळलं. त्याच कवितेत दुसरीकडे मुलं मधल्या सुट्टीत रिंगणात खेळतायत अशी ओळ होती, ती बदलून मुलांचे धडे नुकतेच संपलेत असं केलं, कारण पुढच्या "सन" ला "रिंग" जुळत नव्हतं आणि "डन" जुळत होतं. आता तूच बघ, मरणाच्या वाटेवर गाडीतून एक बाई चाललीय आणि तिला बाहेर रिंगण दिसतं. त्या रिंगणात काय काय आहे! यमकासाठी ते गेलं.

आणि तिला हे चालत नसे याचा पुरावा आहे. १८६६ मध्ये तिची सापावरची कविता एका वर्तमानपत्रात आली, तिला न विचारता, आणि तिसऱ्या ओळीशेवटी एक विरामचिन्ह जास्तीचं पडलं. तर तिने हिगिन्सनला लिहिलं की ती माझ्याकडून चोरली, वर त्या चिन्हाने ओळही हरवली. एका चिन्हासाठी.

पुढची कथा तर आणखी त्रासदायक आहे. ऑस्टिन गेल्यावर एका जमिनीच्या तुकड्यावरून लव्हिनिया आणि टॉड कोर्टात गेल्या, १८९८ मध्ये लव्हिनिया जिंकली आणि टॉडबाईंनी त्यांच्याकडच्या कवितांची पेटी बंद करून टाकली. दोन घरांत कागद वाटले गेले. पुढे सुझनची मुलगी एकीकडून छापतेय आणि टॉडची मुलगी दुसरीकडून, असं चाललं. सगळ्या कविता एकत्र, तिच्या डॅशांसकट आल्या १९५५ मध्ये, टॉमस जॉन्सनने संपादन केलेले तीन खंड, १७७५ कविता. म्हणजे पहिल्या पुस्तकानंतर ६५ वर्षं. घरातल्या भांडणापायी दोन पिढ्यांनी अर्धवट वाचलं तिला.

आता तुझा "उजेड" आणि "ओल". डिकिन्सनही हेच करायची. शब्दाशेजारी बारीक अधिकची खूण आणि पानाच्या तळाशी दुसरा शब्द, कधी तिसरा, चौथा. आणि कित्येकदा कुठलाच खोडलेला नाही. आधीच्या संपादकांनी एकेक निवडून छापले, आजचे संपादक दोन्ही छापतात. तूही दोन्ही ठेव. "भिंतीला उजेड राहतो" आणि "भिंतीला ओल राहते", पेठेतल्या वाड्याची भिंत ज्याने पाहिलीय त्याला दोन्ही खरं वाटेल.

---

सिंहगडरोडवाला_निनाद

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. जसंच्या तसं छापलं तर वाचणार कोण? १८९० चं पुस्तक गुळगुळीत केलं म्हणूनच तर लोकांनी विकत घेतलं ना, नाहीतर १९५५ पर्यंत तिचं नाव तरी राहिलं असतं का? काका निदान काहीतरी करतायत. आमच्या आजोबांच्या डायऱ्या "नंतर नीट करू" म्हणून माळ्यावर ठेवल्या आणि पानशेतच्या पुरातून वाचलेल्या त्या डायऱ्या शेवटी गळक्या टाकीच्या पाण्याने गेल्या. मला आजही ते सहन होत नाही. तेव्हा ताई, शुद्धतेच्या नादात उशीर करू नका.

---

कागद_आणि_शाई

निनाद, वाईट वाटलं वाचून. आणि उशीर करू नका हे अगदी बरोबर आहे, मी उलट म्हणते या शनिवार-रविवारीच फोटो काढा. फोटो तीन ठिकाणी ठेवा, तुमच्याकडे, भावाकडे, आणखी एका नातेवाइकाकडे. ते झालं की काकांना हवं ते पुस्तक काढू दे, फक्त त्यात स्वच्छ लिहायचं की संपादन त्यांनी केलंय, आणि मूळ वहीतल्या दहा-बारा पानांचे फोटो तसेच छापायचे. डिकिन्सनच्या बाबतीत १८९० चं पुस्तक निघालं हा गुन्हा नव्हताच, वह्या मोडल्या आणि कागद वाटले गेले ते नुकसान.

---

मनवा_नारायणपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काकांकडे गेले होते, सरांनी सांगितलेलं रिंगणाचं उदाहरण सांगितलं, ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले एक वही वाचून दाखव. मी वाचली. तिसऱ्या-चौथ्या कवितेनंतर त्यांनी पेन खाली ठेवलं. शीर्षकं नकोत असं ते स्वतःच म्हणाले. यमकाचं अजून त्यांच्या मनातून गेलेलं नाही, पण वह्या माझ्याकडेच राहतील हे ठरलं.

आज सकाळपासून फोटो काढतेय, सहा वह्या झाल्या. पाचवीत दोरा निळा आहे, आधीच्या चारींत पांढरा. कुठलीवरच साल नाही, त्यामुळे कुठली कधीची ते कळत नव्हतं. पण आई शेजारी बसली होती, ती म्हणाली ही चौकटीची पानं म्हणजे गणिताची वही, दुरेघी म्हणजे मराठी शुद्धलेखन. मग मी पान खिडकीकडे तिरकं धरलं तर आत्याच्या कवितेखाली पेनाच्या दाबाने उमटलेली दुसरी अक्षरं दिसली, आधीच्या फाडलेल्या पानावरची. तेराचा पाढा. माझंच अक्षर आहे, सात मी तेव्हा उलटा काढायचे आणि चौथीत बाईंनी तो मोडून घेतला होता. म्हणजे पाचव्या वहीतली ही पानं फार तर १९८८ च्या मे महिन्यापर्यंतची. सर, फ्रँकलिनसारखं यावरून बाकीच्यांचा क्रम लागेल का? सहावीत भावाची पानं असावीत असं वाटतंय, त्याला रात्री बोलावलंय.